ऐकू येते, पण उमगत नाही

इतिहासाच्या शिक्षकाने कान आणि मेंदू यांविषयी लिहावे, हे आपणांस काहीसे अनाठायी वाटेल. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे नेहमीप्रमाणे इतिहासविषयक लेखच मागितला होता, आणि तसा एक लेख निम्मा लिहूनही झाला होता. परंतु गेल्या जूनमध्ये, प्रवेशाच्या धावपळीच्या दिवसांत, एक पालक आपल्या मुलीला घेऊन आले आणि त्या भेटीने मला सत्तावीस वर्षे मागे नेले. त्यानंतर जे वाचले, जाणकारांना विचारून जे समजून घेतले, ते आपल्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचवणे मला अधिक निकडीचे वाटले. विषय माझ्या पदवीचा नाही. पण माझ्या वर्गाचा मात्र नक्कीच आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मराठवाड्यातील एका शाळेत सातवीला इतिहास शिकवीत असे. वर्गात ६८ मुले. डोक्यावर पत्रे, एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला पाचवीचा वर्ग, आणि मध्ये छतापर्यंत न पोहोचणारी भिंत. त्या वर्गात वसतिगृहात राहणारा एक मुलगा होता. मी टिपणे सांगत असे आणि मुले ती उतरवून घेत. एकदा वह्या तपासताना या मुलाच्या वहीत ‘पुरंदरचा तह’ याऐवजी ‘पुरंदरचा शह’ आढळला. पुढे ‘चौथ आणि सरदेशमुखी’ याऐवजी ‘चौक आणि सरदेशमुखी’. मी ते वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला: ‘बुद्धी आहे, परंतु लक्ष देत नाही.’

माझ्या या निदानाला पुरावाही होता. हाच मुलगा पहाटे पाच वाजता वसतिगृहाच्या अभ्यासिकेत, आजूबाजूला सर्व शांत असताना, मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे अचूक उत्तर देई. म्हणजे कान शाबूत, बुद्धी शाबूत; मग वर्गात काय होते? उनाडपणा, दुसरे काय! तरीही एकदा त्याला तपासणीला पाठवले. लहानपणी त्याचे दोन्ही कान वाहत असत, असे त्याच्या आईने सांगितले होते. तपासणीचा निष्कर्ष आला, कानांत दोष नाही. तो कागद मी मुलाच्या बाजूचा समजायला हवा होता. मी तो त्याच्याविरुद्धचा पुरावा मानला. नववीत तो नापास झाला आणि शाळा सोडून गेला.

जूनमध्ये मुलीला घेऊन आलेले पालक म्हणजे तोच विद्यार्थी. पुढे त्याने आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. कार्यालयात प्रवेशासाठी आलेल्यांची गर्दी होती, पंखा घरघरत होता. मी बोललो, तसा तो किंचित पुढे झुकला, माझ्या ओठांकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, जरा बाहेर बोलू का? इथं आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत.”

या एका वाक्यात या लेखाचा सगळा विषय आहे. आवाज येणे आणि शब्द लागणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली मुख्यतः कानाची. दुसरी कान आणि मेंदू यांच्या एकत्रित श्रमाची. गोंगाट दुसऱ्या क्रियेवर घाव घालतो, आणि आपली नेहमीची तपासणी केवळ पहिलीच मोजते.

ती तपासणी कशी होते ते आठवून पाहा. बंद, शांत खोली. कानांवर हेडफोन. एकेक शुद्ध स्वर हळूहळू क्षीण करत नेतात. रुग्णाने ऐकू येताच बोट वर करायचे. कोणत्या कंप्रतेचा स्वर किती डेसिबलला ऐकू आला याचा आलेख निघतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. ही तपासणी अत्यंत उपयुक्त आहे, तिच्याविषयी गैरसमज नको. परंतु आपले आयुष्य काही शांत खोलीत ‘टूं’ असा स्वर ऐकण्यात जात नाही. आपल्याला ऐकायची असते भाषा, आणि तीही बाजारात, एसटीत, लग्नमंडपात, साठ मुलांच्या वर्गात.

आता कानात काय घडते ते पाहू. पडदा आणि त्यामागील तीन इवली हाडे ओलांडून ध्वनी आतल्या कानातील गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत शिरतो. हिला कॉक्लिया म्हणतात. तिच्या आतील पडद्याची एक बाजू उंच स्वरांना, दुसरी खालच्या स्वरांना प्रतिसाद देते; जणू पेटीच्या पट्ट्याच एका ओळीत मांडलेल्या. या रचनेचे गूढ उकलल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पडद्यावर प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. त्यांपैकी आतल्या रांगेतील सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूकडे बातमी धाडतात. बाहेरच्या रांगांतील बारा हजारांचे काम वेगळे: त्या स्वतः हालचाल करून क्षीण ध्वनी वाढवतात आणि एक स्वर शेजारच्या स्वरापासून रेखीवपणे अलग ठेवतात.

बाहेरच्या पेशी वयाने, मोठ्या आवाजाने किंवा काही औषधांनी निकामी झाल्या की दोन गोष्टी होतात. एक, आवाज बारीक वाटतो. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे आणि तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते: चाळणीची छिद्रे मोठी होतात. ज्या चाळणीने पंख्याची घरघर एका बाजूला आणि बोलणाऱ्याचा शब्द दुसऱ्या बाजूला केला असता, तिच्यातून दोन्ही मिसळूनच पुढे जातात. श्रवणयंत्र पहिल्या उणिवेवर इलाज करते. दुसरीवर फारसा नाही, कारण ते शब्दाबरोबर घरघरही मोठी करते. “आजोबांना एवढे महागडे मशीन आणले, तरी ते लग्नात लावत नाहीत,” अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. आजोबा हट्टी नसतात. मंडपातला कलकलाट त्यांच्या मेंदूपर्यंत मोठ्या आवाजात, पण तितकाच कालवलेला पोहोचत असतो.

इतिहासातला एक दाखला येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. थोर संगीतकार बीथोव्हेन यांनी जून १८०१ मध्ये आपले बालमित्र डॉ. वेगेलर यांना पत्र लिहून बहिरेपणाची कबुली दिली. त्या पत्रातले निरीक्षण एखाद्या श्रवणतज्ज्ञाला शोभावे असे आहे. हळू बोलणाऱ्याचा स्वर कानी येतो, पण शब्द कळत नाहीत. आणि कोणी ओरडून बोलू लागले की ते असह्य होते, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. दोन वर्षे आपण लोकांत मिसळणे टाळत आहोत, असेही त्यात आहे. स्वर आहे, शब्द नाही. आणि मोठ्याने बोलणे हा उपाय नाही. आजही घरोघरी आपण नेमका हाच उपाय करतो.

शब्द का हरवतो, याचे कारण भाषेच्या घडणीतच आहे. बोलण्यातली ताकद स्वरांत असते: आ, ए, ओ हे दांडगे, लांबवर जाणारे ध्वनी आहेत. अर्थाचा भेद मात्र बहुतांशी व्यंजने करतात, आणि त, प, क, स, श, थ ही व्यंजने दुबळी, क्षणभंगुर, पुष्कळदा उंच कंप्रतेची असतात. साडी, गाडी, वाडी, माडी, काडी हे शब्द मनात म्हणून पाहा. पहिले व्यंजन गोंगाटाने गिळले की उरते केवळ ‘–आडी’. त्या पाच शब्दांतून योग्य तो निवडण्याचे काम मग मेंदूवर येऊन पडते. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीतला ‘शह’ कोठून आला, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. ‘तह’ मधला ‘त’ त्याच्यापर्यंत आलाच नव्हता. ‘अह’ आला होता. लढायांच्या धड्यात ‘शह’ हा त्याने लावलेला अर्थ तसा बुद्धीचाच होता.

मेंदू हे निवडीचे काम कसे करतो? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील कॉलिन चेरी यांनी १९५३ साली हाच प्रश्न विचारला होता. अनेक जण एकाच वेळी बोलत असता माणूस त्यांतील एकाचेच बोलणे कसे पकडतो? त्यांनी हेडफोनच्या एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरे भाषण सोडले, आणि एकाच कानातले भाषण ऐकणाऱ्यांना मोठ्याने म्हणायला लावले. ते त्यांनी सहज केले. पण दुसऱ्या कानातले भाषण मध्येच इंग्रजीवरून जर्मन भाषेत गेले, तरी त्यांच्या ते लक्षातही आले नाही. पुरुषाच्या आवाजाऐवजी बाईचा आवाज आला, तर मात्र ते कळले. म्हणजे मेंदू नको असलेल्या आवाजाकडे पाठ फिरवतो, पण बोलणारा कोण, आवाज कसा, कोणत्या दिशेचा, यावरची पहाऱ्याची नजर सोडत नाही.

दिशा ओळखण्यासाठी दोन कान लागतात. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानी आधी पोहोचतो, डाव्या कानी फार तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतक्या उशिराने. एवढ्या सूक्ष्म फरकावरून मेंदूच्या देठातील केंद्रे ‘हा आवाज शिक्षकांचा, समोरचा, तो ट्रकचा, बाजूचा’ अशी वाटणी करतात. म्हणूनच ज्याचा एकच कान चालतो, त्याला शांत खोलीत काहीही अडचण नसते आणि गर्दीत मात्र तो हरवतो. ‘एक कान चांगला आहे ना, मग झाले’, हा समज किती महाग पडतो, हे अमेरिकेतील नॅशव्हिल येथे फ्रेड बेस आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवले. त्यांनी एका कानाने अधू अशा ६० मुलांची शालेय वाटचाल तपासली. त्यांपैकी ३५ टक्के मुलांना कोणती ना कोणती इयत्ता पुन्हा करावी लागली होती.

आता अशा व्यक्तींकडे वळू, ज्यांचा ऑडिओग्राम निर्दोष असतो. इटलीतील बोक्का, कॅलेआरो आणि कॅसिनारी या डॉक्टरांनी १९५४ साली मेंदूच्या कानशिलाकडील भागात गाठ असलेले रुग्ण तपासले. शुद्ध स्वरांच्या तपासणीत दोष दिसेना. मग त्यांनी बोलण्यातले उंच स्वर गाळून ते मुद्दाम अस्पष्ट केले. गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने ते समजेनासे झाले. कान तर ठीक होता. कान ज्याच्याकडे बातमी पोहोचवतो तो वाचक आजारी होता. बातमी स्वच्छ अक्षरात असेतो त्याने ती कशीबशी वाचली, अक्षर पुसट होताच वाचन थांबले. गोंगाट हे अक्षर पुसट करण्याचेच काम करतो.

कधी दोष वाटेतल्या तारेत असतो. आर्नल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या बाहेरच्या रोमपेशी उत्तम काम करीत होत्या, परंतु श्रवणचेतेकडून मेंदूच्या देठाकडे जाणारा विद्युतसंकेत एक तर उमटत नव्हता किंवा अगदी विस्कळीत होता. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. हजारो चेतातंतूंनी एका ठेक्यात संदेश द्यायचा असतो. येथे लेझीम पथकातील प्रत्येकाने आपल्याच तालावर हात उचलावा तसे होते. आवाज आहे एवढे कळते, शब्द कळत नाही, आणि गोंगाटात तर मुळीच नाही. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेल्या बाळांत याचा धोका अधिक असतो. म्हणून अशा बाळांची केवळ ‘टाळी वाजवली, दचकले’ एवढ्यावर बोळवण करू नये.

तिसरा प्रकार याहूनही लपलेला. बॉस्टन येथील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली. जुन्या समजुतीप्रमाणे प्रकरण येथेच संपले असते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, उंच स्वरांच्या भागात रोमपेशी आणि चेतातंतू यांच्यामधले जवळपास निम्मे जोड कायमचे नष्ट झालेले आढळले. रोमपेशी जिवंत, आलेख निर्दोष, पण मेंदूकडे जाणाऱ्या वाटा निम्म्या. माणसांत हे नेमके किती घडते आणि गोंगाटातील अडचणींना ते किती कारणीभूत आहे, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. तो वाद मिटेपर्यंत मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे लहान मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहणाऱ्यांनी थांबावे, असे मला वाटते. ‘दोन दिवस कान गुंग होते, मग बरे झाले’, या वाक्यातला ‘बरे झाले’ हा भाग तपासून घ्यायला हवा.

मेंदूच्या देठात गोंगाटाने काय होते, याचे मोजमापही झाले आहे. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्रॉस आणि त्यांचे सहकारी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मुलांना ‘दा’ यासारखे अक्षर ऐकवतात आणि त्याला मिळणारा विद्युत प्रतिसाद टिपतात. शांततेत हा प्रतिसाद अक्षराच्या ध्वनीचीच जणू प्रतिकृती असतो. मागे गोंगाट सोडला की तो क्षीण होतो आणि काही सहस्रांश सेकंदांनी रेंगाळतो. हे सर्वांचेच होते. परंतु शिकण्यात अडचण असलेल्या काही मुलांमध्ये शांततेत ठीक दिसणारा प्रतिसाद गोंगाटात इतरांपेक्षा अधिक ढासळला. पहाटेच्या अभ्यासिकेतला आणि दुपारच्या वर्गातला माझा विद्यार्थी या दोन आलेखांत मला दिसला.

‘पण तो शेवटी ऐकायचा तर खरा!’ असे मी त्याच्याविषयी म्हणत असे. जे ऐकले, त्याची किंमत त्याला किती मोजावी लागत होती, हे मला ठाऊक नव्हते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ साली लोकांना अंकांच्या याद्या ऐकवल्या, काही स्वच्छ, काही गोंगाटात. गोंगाटातले अंकही ऐकणाऱ्यांना बरोबर ओळखता येत होते. मात्र नंतर आठवून सांगताना त्यांची संख्या घटली. एवढेच नव्हे, तर यादीचा पहिला भाग स्वच्छ आणि दुसरा गोंगाटात असेल, तर पहिल्या भागातलेही अंक विसरले गेले. मेंदूची शक्ती मर्यादित असते. ती शब्द ओळखण्यात खर्ची पडली की लक्षात ठेवायला उरत नाही. शिक्षक बांधवांनी यावर क्षणभर थांबावे. मूल वाक्य ऐकते, पुन्हा म्हणूनही दाखवते, आणि तास संपता संपता ते रिकामे असते. पाचव्या तासाला त्याचे डोके दुखू लागते. आपण त्याला आळशी म्हणतो.

हरवलेली अक्षरे भरून काढण्याची मेंदूची हातोटीही विलक्षण आहे. रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी कापून त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना काही कापले गेल्याचे कळलेच नाही. त्यांना तो ध्वनी ‘ऐकू’ आला होता. पण ही भरपाई आपण आपल्या शब्दसंग्रहातून करतो. ज्याला ‘चौथ’ हा शब्दच आधी ठाऊक नाही, तो त्याजागी ठाऊक असलेला ‘चौक’ बसवणार. म्हणूनच परक्या भाषेतले बोलणे गोंगाटात स्वभाषेपेक्षा लवकर निसटते. आपल्याकडे घरी गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणारी मुले प्रमाण मराठीत शिकतात, आणि आता पुष्कळ मुले पहिलीपासून इंग्रजीत. त्यांच्या कानांत काही दोष नसतानाही वर्गातला गलका त्यांना इतरांपेक्षा जास्त छळतो. त्यात श्रवणदोषाची भर पडली, तर त्या मुलाने शब्द आणायचे तरी कोठून?

आपल्या वसतिगृहांत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत कान वाहणे ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सर्दी झाली की पडद्यामागे पाणी साचते. दुखते किंवा दुखतही नाही. कधी पडदा फुटून कान वाहतो, कधी नुसतेच पाणी महिनोन्महिने राहते. घरी तेलाचे थेंब टाकतात. ते टाकू नयेत, डॉक्टरांकडे जावे. पण मुद्दा त्यापुढचा आहे. लहानपणी दीर्घकाळ असे पाणी राहिलेल्या मुलांत, पाणी निघून ऑडिओग्राम पूर्ववत झाल्यावरही, दोन कानांची बातमी ताडून गोंगाटातून संकेत वेगळा काढण्याची क्षमता काही काळ, कधी काही वर्षे, उणी राहते असे अभ्यासांत आढळले आहे. मेंदू ऐकायला शिकत होता त्याच वर्षांत त्याला अर्धवट धडे मिळाले. पुढे कान सुधारला, तरी अभ्यासक्रम मागे राहिला.

गोंगाट निरोगी मुलांचेही किती नुकसान करतो, याचा एक लख्ख पुरावा न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेतून मिळाला. पब्लिक स्कूल ९८ या शाळेच्या एका बाजूच्या वर्गांशेजारून उंच पुलावरची रेल्वे दर चार-साडेचार मिनिटांनी धडधडत जाई; दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत होते. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन ताडून पाहिले. सहावीपर्यंत गोंगाटाच्या बाजूची मुले जवळजवळ एक वर्ष मागे पडली होती. शाळा तीच, शिक्षण तेच. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, त्या वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे तक्ते लावले. १९८१ साली पुन्हा पाहिले, तेव्हा फरक नाहीसा झाला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा स्वच्छ कार्यकारणभाव क्वचितच लाभतो, म्हणून हे उदाहरण मला फार आवडते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत वर्गातील मागचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा आणि निनाद सुमारे ०.६ सेकंदात विरावा, असे सुचवले. लहान मुलांसाठी शिक्षकांचा आवाज गोंगाटाहून १५ डेसिबल वर असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा, रुग्णालये, न्यायालये यांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल ही मर्यादा आहे. पत्र्यावर पाऊस कोसळत असता यातले काय शिल्लक राहते, हे आपण सर्वजण जाणतो. आवाज चढवून काही साधेल असेही नाही. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलू लागतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ सालीच नोंदवले. पण ओरडताना बळ मिळते ते मुख्यतः स्वरांना. व्यंजने तशीच दुबळी राहतात, आणि शिक्षकांचा घसा तेवढा बसतो.

कायद्याकडूनही अशा मुलाला फारसे काही मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार कर्णदोषाची गणना दोन्ही कानांत ६० डेसिबल वा अधिक हानी असेल तेव्हा होते. एकच कान गेलेला, किंवा आलेख निर्दोष पण गोंगाटात हरवणारा, त्या यादीत बसत नाही. त्याच्यासाठी जे काही करायचे ते घर आणि शाळा यांनीच.

करता येण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे फुकट आहे. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर गोंगाटात समजणे लक्षणीय वाढते, आणि गोंगाट जितका अधिक तितका हा फायदा अधिक, असे १९५४ साली सम्बी आणि पोलॅक यांनी दाखवले आहे. मी मात्र तीस वर्षे फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत आलो. आता लिहितो तेव्हा गप्प राहतो. वळून मग बोलतो. नवे शब्द आधी फळ्यावर मांडतो आणि नंतर उच्चारतो. मागच्या बाकापर्यंतचे अंतर दुप्पट झाले की आवाज निम्म्याहून खाली पडतो, हे ओळखून हिंडत शिकवतो. बाकांच्या पायांना जुन्या सायकलट्यूबचे तुकडे बांधले, तर फरशीवरचा करकराट थांबतो. जाड पडदे, भिंतीवर लावलेल्या सतरंज्या, कापडी फलक निनाद शोषतात. शिक्षकांच्या गळ्यातल्या छोट्या मायक्रोफोनमधून थेट मुलाच्या कानातल्या यंत्रात आवाज पोहोचवणारी उपकरणेही मिळतात. ती महाग असली, तरी अंतर आणि गोंगाट या दोन्हींवर त्यांच्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यात मुलांचे ऐकणेही पाहिले जाते. पुढील तपासणीस जिल्हा रुग्णालय किंवा मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे गेल्यावर पालकांनी ‘ऐकू कमी येते’ एवढेच न सांगता, ‘शांततेत समजते, गोंगाटात समजत नाही’ असे स्पष्ट सांगावे. गोंगाटातील भाषणाची तपासणी वेगळी असते आणि ती मागावी लागते. मेंदूतील श्रवणप्रक्रियेच्या तपासण्या साधारण सातव्या वर्षानंतरच भरवशाच्या ठरतात. हा स्वतंत्र विकार मानावा, की भाषा आणि अवधान यांच्या अडचणींचाच एक चेहरा, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. वर्गात बसलेल्या मुलाला या मतभेदाची वाट पाहायला वेळ नसतो.

त्या दिवशी आम्ही कार्यालयातून बाहेर पडून कडुनिंबाखाली बसलो. तेथे त्याने सगळे स्वच्छ ऐकले. मी त्याच्याजवळ ‘शह’ आणि ‘चौक’ यांची आठवण काढली आणि त्या हसण्याबद्दल क्षमा मागितली. त्याने ती गोष्ट टाळली. मुलीकडे बोट करून म्हणाला, “हिचा उजवा कान वाहतो, सर. औषध चालू आहे. पण हिला पुढं बसवा.”

मुलगी पाचवीत आहे. तिच्या वर्गाची उजवीकडची खिडकी भटारखान्याच्या अंगाला उघडते. ती आता तासांच्या वेळी बंद ठेवतो. तिला त्याच बाजूच्या ओळीत, दुसऱ्या बाकावर बसवले आहे, म्हणजे वाहता कान खिडकीकडे आणि चांगला कान शिक्षकांकडे राहतो. पहिला बाक मुद्दामच दिला नाही, कारण तेथून मागच्या मुलांची उत्तरे देताना तोंडे दिसत नाहीत. दर शनिवारी मी तिची श्रुतलेखनाची वही पाहतो. गेल्या आठवड्यात ‘वाडी’ च्या जागी ‘गाडी’ होते. मी तिला जवळ बोलावून दोन्ही शब्द पुन्हा म्हणून दाखवले.